ठशावरची चूक, नाण्याचा कस

१८४९ साली अमेरिकेच्या वायव्येला, ऑरेगन सिटी नावाच्या नव्याने वसलेल्या गावात, पाच डॉलरचे एक सोन्याचे नाणे पाडले गेले. त्याच्या दर्शनी बाजूवर ओंडक्यावर बसलेला बीव्हर आहे. नदीकाठी झाडे कुरतडून बांध घालणाऱ्या या प्राण्याच्या कातडीवर त्या मुलखाचा सारा व्यापार उभा राहिला होता, त्यामुळे नाण्यावर त्याला मान मिळाला. बीव्हरच्या वर आठ इंग्रजी अक्षरे आहेत: के, एम, टी, ए, डब्ल्यू, आर, जी, एस. नाणी पाडणाऱ्या कंपनीच्या आठ भागीदारांची ही आद्याक्षरे. किलबोर्न, मॅग्रुडर, टेलर, ॲबरनेथी, विल्सन, रेक्टर, कॅम्पबेल आणि स्मिथ अशी नावे अक्षरांशी ताडून पाहत गेले, की सातव्या जागी गाडी अडते. कॅम्पबेलचे आद्याक्षर ‘सी’. नाण्यावर मात्र ‘जी’ आहे.

हा ठसा कोरणाऱ्याचे नाव हॅमिल्टन कॅम्पबेल. तो भागीदार असलेल्या कॅम्पबेलहून वेगळा, मेथडिस्ट मिशनच्या कामासाठी ऑरेगनात आलेला माणूस. ज्याचे स्वतःचे आडनाव कॅम्पबेल, त्याच्याच हातून कॅम्पबेलचे अक्षर चुकले! बीव्हरच्या खाली आणखी एक घोटाळा आहे. ‘ऑरेगन टेरिटरी’ची आद्याक्षरे ‘ओ. टी.’ अशी यायला हवीत, ती ‘टी. ओ.’ अशी उलटी पडली आहेत. पुढे दहा डॉलरचे नाणे निघाले तेव्हा त्याचा ठसा व्हिक्टर वॉलेस याने कोरला. त्यावर ‘सी’ही बरोबर आहे आणि ‘ओ. टी.’ही सरळ आहे. पण ‘ए’ आणि ‘डब्ल्यू’ ही दोन अक्षरे गळालेली आहेत.

अमेरिकेतल्या सोन्याच्या धावपळीच्या काळात अशी कितीतरी नाणी निघाली. संग्राहक त्यांना ‘टेरिटोरियल’ नाणी म्हणतात. राज्याचा दर्जा न मिळालेल्या प्रदेशांत, सरकारी टाकसाळीपासून दूर, खाजगी कंपन्यांनी ती पाडली. नॉर्थ कॅरोलिना आणि जॉर्जिया ही राज्ये जुनीच होती, कॅलिफोर्नियाही १८५० मध्ये राज्य झाले, तरी तिथली खाजगी नाणी याच नावाखाली मोडतात. त्यांच्या ठशांवरच्या चुका आज भिंगाखाली धरून अभ्यासल्या जातात. त्या पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते: ही नाणी हाताळणाऱ्या माणसांना चुकलेल्या अक्षराचे फारसे काही वाटले नाही. त्यांचे सगळे लक्ष सोन्याच्या वजनावर आणि कसावर होते.

मुळात खाजगी माणसे नाणी पाडू कशी शकली? अमेरिकेच्या राज्यघटनेने राज्यांना नाणी पाडायला मनाई केली होती, खाजगी माणसाविषयी मात्र ती गप्प होती. १८६४ च्या कायद्याने ही वाट बंद होईपर्यंत स्वतःच्या नावाचे सोन्याचे नाणे काढणे गुन्हा नव्हता. सरकारी नाण्याची हुबेहूब नक्कल केली तर गोष्ट वेगळी.

गरज तर मोठी होती. २४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा इथल्या सटरच्या लाकूड गिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला सोने दिसले आणि पाहता पाहता जगभरची माणसे कॅलिफोर्नियात येऊन धडकली. सोने पोत्यांनी निघत होते, पण नाणी नव्हती. व्यवहार सोन्याच्या कणांनी चालत. गुत्त्यात पेल्याची किंमत म्हणून चिमूटभर रज द्यायची. ती चिमूट कुणाच्या बोटांची, यावर भाव ठरायचा. वाळू मिसळलेली असे, तराजू खोटे असत. खाणीवाल्याला एका औंसाला सोळा डॉलर मिळाले तरी तो भाग्यवान, एरवी त्याहून कितीतरी कमी मिळत. जकात कचेरी तर कण घेतच नसे, तिला नाणी हवी असत. सरकारी टाकसाळ फिलाडेल्फियाला, म्हणजे पनामाच्या वाटेने किंवा केप हॉर्नला वळसा घालून बोटीने जायचे. सॅन फ्रान्सिस्कोत सरकारी टाकसाळ सुरू झाली ती थेट एप्रिल १८५४ मध्ये. मधली सहा वर्षे ज्यांच्याकडे भट्टी, ठसा आणि हिंमत होती त्यांनी ही पोकळी भरून काढली.

त्यातला ठसा हाच सगळ्यात नाजूक भाग. मऊ पोलादाच्या तुकड्यावर चित्र आणि अक्षरे खोलगट कोरायची, तीही आरशात दिसतात तशी उलटी, म्हणजे नाण्यावर सुलटी उमटतात. चांगल्या टाकसाळीत प्रत्येक अक्षराचा वेगळा पंच असतो. तो ठोकत ओळ पूर्ण करतात. कोरून झाले की पोलाद तापवून लाल करायचे आणि पाणी द्यायचे. मग ते कडक होते, पण ठिसूळही होते. ठसा या टप्प्यावरच तडकला तर अनेक दिवसांची मेहनत वाया जाते. तो टिकला तर दोन ठशांच्या मध्ये सोन्याची कोरी चकती ठेवून दाब द्यायचा किंवा घण घालायचा.

इथे एक भेद ध्यानात ठेवायला हवा. चकती सरकल्यामुळे एखादे नाणे वाकडे उमटले, तर ती त्या एका नाण्याची चूक. ठशातच चूक असेल, तर त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर ती तशीच उतरते. ठशाला तडा गेला की नाण्यावर त्या जागी बारीक उंच रेघ येते, कारण चेपताना सोने तड्यात शिरते. तडा वाढत गेला की रेघही वाढते. एकाच ठशाची चार नाणी शेजारी ठेवली तर कोणते आधी पडले आणि कोणते नंतर, हे त्या रेघेच्या लांबीवरून सांगता येते. कंपन्यांची दप्तरे आगीत आणि दिवाळखोरीत नाहीशी झाली असली, तरी अभ्यासकांना कामाचा क्रम असा नाण्यांवरच वाचता येतो.

उलट्या कोरणीत कोणती अक्षरे दगा देतात हेही पाहण्यासारखे आहे. इंग्रजी ‘ए’, ‘एच’, ‘आय’, ‘एम’, ‘ओ’, ‘टी’ ही अक्षरे आरशात तशीच दिसतात. ‘एन’ मात्र उलटा होतो, आणि उलटा होऊनही पहिल्या नजरेला सरळच वाटतो. त्यामुळे घाईत सर्वांत जास्त फसवतो तोच. कॅलिफोर्नियाच्या आधी, १८३० च्या दशकात, नॉर्थ कॅरोलिनाच्या सोन्याच्या पट्ट्यात ख्रिस्टोफर बेख्टलर नावाचा जर्मन सोनार रदरफोर्डटन गावात नाणी पाडत असे. एक डॉलरचे सोन्याचे नाणे सरकारच्या आधी सतरा वर्षे त्याने काढले. त्याच्या एका डॉलरच्या नाण्यावर एक ‘एन’ उलटा आहे. संग्राहकांच्या सूचीत त्या नाण्याला स्वतंत्र जागा आहे.

बेख्टलरकडे सोने घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याने त्या ‘एन’कडे बघितलेही नसेल. त्याला पाहायचे होते ते नाण्यावर ठोकलेले आकडे: इतके ग्रेन वजन, इतके कॅरट सोने. बेख्टलर हे दोन्ही उघडपणे छापत असे आणि छापलेले पाळत असे. १८३१ ते १८४० या काळात त्याने सुमारे बावीस लाख डॉलरची नाणी पाडली. सरकारने त्याच्यावर कधी बडगा उगारला नाही आणि दक्षिणेत त्याची नाणी कितीतरी वर्षे बिनबोभाट चालली.

ऑरेगनच्या नाण्याची गोष्टही हीच. तिथल्या हंगामी सरकारने फेब्रुवारी १८४९ मध्ये स्वतःच टाकसाळ काढायचा ठराव केला होता. पुढच्याच महिन्यात वॉशिंग्टनने नेमलेले गव्हर्नर जोसेफ लेन आले आणि त्यांनी तो घटनाबाह्य ठरवला. मग आठ नागरिकांनी ‘ऑरेगन एक्स्चेंज कंपनी’ काढली. सोन्याची पट्टी लाटणारे यंत्र लोहाराने भंगार लोखंडातून घडवले. सोन्यात तांबे मिसळून ते कडक करण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती, म्हणून त्यांनी खाणीतले सोने तसेच वापरले आणि नाण्यावर ‘१३० ग्रेन, नैसर्गिक सोने’ असे कोरले. सरकारी पाच डॉलरचे वजन १२९ ग्रेन, आणि त्यातही दहावा हिस्सा हिणाचा. साहजिकच बीव्हरच्या नाण्यात सुमारे साडेपाच डॉलरचे सोने भरले. अक्षर चुकलेले हे नाणे सोन्याच्या हिशेबाने सरकारी नाण्याहून सरस होते, आणि तेच त्याच्या मुळावर आले. वितळवले की फायदा होतो हे कळल्यावर ते मुशीत जाऊ लागले. पाच डॉलरची सहा हजार आणि दहा डॉलरची दोन हजार आठशे पन्नास, एवढीच नाणी पडली होती. त्यातली फार थोडी आज हाती लागतात.

सॅन फ्रान्सिस्कोतली एक चूक याहून ठळक आहे, कारण ती नाणे काढणाऱ्याच्या नावातच झाली. न्यायाधीश जी. डब्ल्यू. शुल्ट्झ आणि विल्यम गॅरट यांचा बाल्डविन कंपनीच्या मागच्या बाजूला पितळेचा ओतकाम कारखाना होता. १८५१ मध्ये त्यांनी पाच डॉलरचे नाणे काढले. सरकारी नाण्यावर स्वातंत्र्यदेवीच्या मुकुटावर ‘लिबर्टी’ शब्द असतो. खाजगी कंपन्या चेहरा तोच ठेवून तिथे आपले नाव घालत, म्हणजे नाणे दुरून ओळखीचे वाटे आणि नकलेचा आरोपही टळे. शुल्ट्झच्या नाण्यावर मुकुटाच्या त्या अरुंद पट्टीत नाव पडले ते भलतेच. ‘एस-सी-एच’ने सुरू होऊन ‘टी-झेड’ने संपायला हवे, तिथे ‘एस-एच-यू-एल-टी-एस’ एवढेच आहे. पहिल्या भागातला ‘सी’ गेला, शेवटचा ‘झेड’ गेला आणि जागी ‘एस’ आला. जर्मन आडनाव कानावर पडले तसे कुणीतरी कोरले असावे. मालकाने ठसा बदलला नाही. नवे पोलाद, नवा कारागीर, नवे दिवस, यातले काहीच त्या वसंतात सॅन फ्रान्सिस्कोत स्वस्त नव्हते. आज ही नाणी अगदी मोजकी उरली आहेत आणि चुकलेल्या नावामुळेच चटकन ओळखू येतात.

याच अंगणात, शुल्ट्झच्या पुढच्या बाजूला, दुसऱ्या प्रकारची चूक काय करू शकते ते दिसले. बाल्डविन कंपनीची नाणी देखणी होती. अल्बर्ट क्यूनर या कसबी कारागिराने १८५० च्या दहा डॉलरच्या नाण्यावर दोर फिरवणारा घोडेस्वार कोरला. सगळ्या टेरिटोरियल नाण्यांत इतके जिवंत चित्र माझ्या मते दुसरे नाही. पण १८५१ च्या मार्चमध्ये जेम्स किंग ऑफ विल्यम या पेढीवाल्याने (हे त्याचे खरेच नाव, वडिलांचे नाव जोडून त्याने ते स्वतः घेतले होते) बाल्डविनची काही नाणी सरकारी पारख्याकडे पाठवली. वीस डॉलरच्या नाण्यात १९ डॉलर ४० सेंटचेच सोने निघाले. शेकडा तीन डॉलरची तूट. वर्तमानपत्रांत आकडे छापून आले, पेढ्यांनी नाण्यांवर बट्टा लावला, लोकांनी ती घ्यायचे सोडले. काही आठवड्यांत कंपनी बंद पडली आणि एप्रिलमध्ये मालक बोटीने शहर सोडून गेले. नाणी सरसकट वितळवली गेली. ती घोडेस्वाराची सुंदर नाणी आज दुर्मिळ आहेत ती याच कारणाने.

ज्या पारख्याच्या आकड्यांनी बाल्डविनला बुडवले तो ऑगस्टस हम्बर्ट. न्यूयॉर्कमध्ये घड्याळांची सोन्याची आवरणे बनवणारा हा कारागीर १८५१ च्या जानेवारीत सरकारचा ‘सोने पारखी’ म्हणून सॅन फ्रान्सिस्कोत उतरला आणि मोफाट कंपनीच्या कारखान्यातून पन्नास डॉलरच्या प्रचंड अष्टकोनी लगड्या काढू लागला. एकेकीचे वजन अडीच औंसांहून अधिक. सरकारी शिक्का असूनही त्याच्या कारखान्याचे ठसे निर्दोष नाहीत. १८५१ संपले तेव्हा शिल्लक ठसे फेकून न देता ‘१’ वर ‘२’ ठोकून ते १८५२ साठी चालवले. त्यामुळे दहा आणि वीस डॉलरच्या काही नाण्यांवर ‘२’च्या पोटात जुना ‘१’ डोकावतो. दहा डॉलरच्या एका प्रकारात ‘युनायटेड’मधल्या ‘यू’चा खालचा वळसाच उमटलेला नाही. उरलेल्या दोन उभ्या रेघा ‘आय आय’ अशा वाचल्या जातात आणि देशाचे नाव भलत्याच अक्षरांनी सुरू होते. खाजगी नाण्यांच्या संग्राहकांत ही अतिशय आवडती जात आहे.

सर्वांत बोलका मात्र १८५३ चा वीस डॉलरचा ठसा आहे. त्याच्या मागची कहाणी थोडी सावकाश सांगायला हवी. कॅलिफोर्नियाच्या मातीतल्या सोन्यात चांदी निसर्गतःच मिसळलेली असते. हजारात सरासरी ८८० भाग सोने. हम्बर्टच्या कचेरीने ते सोने तसेच वापरले आणि नाण्यावर प्रामाणिकपणे ‘८८०’ छापले. वजन त्या मानाने वाढवलेले असल्यामुळे किमतीत फसवणूक नव्हती. पण सरकारी नाण्याचा नियम हजारात ९०० भागांचा. १८५२ मध्ये अर्थखात्याने हुकूम काढला, की जकात कचेरीने ९०० हून हलक्या कसाचे नाणे घेऊ नये. जकात हाच सोन्याच्या नाण्याचा सर्वांत मोठा उपयोग, त्यामुळे शहराच्या व्यापाराची नाडीच आवळली गेली. सोन्यातली चांदी वेगळी काढायला तेजाब लागते आणि तेजाबाचा त्या किनाऱ्यावर दुष्काळ. शेवटी ९०० चे सोने तयार होऊ लागले, तेव्हा ‘८८०’ कोरलेला ठसा हाताशी होता. त्यावरच ‘९००’ ठोकले गेले. गरुडाच्या वरच्या फितीत आजही नवे आकडे आणि त्यांच्या आड जुने आकडे एकत्र दिसतात. एका सरकारी हुकुमाने एका शहराची किती कोंडी केली, ते तीन आकड्यांत नोंदले गेले आहे. मला या साऱ्या नाण्यांत हे सर्वांत मोलाचे वाटते, जरी ते त्या कचेरीच्या नाण्यांत तुलनेने सहज मिळणारे असले तरी.

ठसा वाचवण्याची आणखी एक युक्ती वास मोलिटर कंपनीच्या दहा डॉलरवर दिसते. सॅम्युएल वास आणि ॲगोस्टन मोलिटर हे हंगेरीतून आलेले, धातूचे उत्तम जाणकार. १८५२ मध्ये त्यांनी नाणी पाडली, मग थांबवली. १८५५ मध्ये पुन्हा नाण्यांची टंचाई झाली तेव्हा त्यांनी जुना ठसाच काढला, त्यातला ‘२’ पोखरून काढला आणि त्या भोकात पोलादाची बारीक खुंटी बसवून तिच्यावर ‘५’ कोरला. नाण्यावर शेवटचा ‘५’ बाकीच्या आकड्यांपासून वेगळा पडलेला दिसतो. त्यांच्या सोन्याबद्दल मात्र कुणाची तक्रार नव्हती.

पुढे सोन्याची लाट रॉकी पर्वताकडे सरकली. डेन्व्हरमध्ये क्लार्क, ग्रुबर आणि कंपनीने जुलै १८६० मध्ये नाणी पाडायला सुरुवात केली. त्यांच्या दहा आणि वीस डॉलरच्या नाण्यांवर ‘पाइक्स पीक’ हा प्रसिद्ध डोंगर आहे. पण तो खऱ्या डोंगरासारखा दिसत नाही. खरा डोंगर रुंद खांद्यांचा, पसरट. नाण्यावर उभा टोकदार त्रिकोण आहे. अक्षराची चूक पंचाने झाली असे म्हणता येते, इथे मात्र डोंगर न पाहता डोंगर कोरल्याचा संशय येतो. त्याच वर्षीची नाणी जवळजवळ शुद्ध सोन्याची, म्हणून फार मऊ होती आणि लवकर झिजली. १८६१ मध्ये कंपनीने धातूत मिसळ वाढवली आणि मोठ्या नाण्यांवरचा डोंगर काढून तिथे देवीचे मस्तक आणले. दोन वर्षांनी सरकारने हा कारखानाच विकत घेतला.

तोवर बहुतेक खाजगी नाणी संपलेली होती. सॅन फ्रान्सिस्कोची टाकसाळ स्थिरावली, तशी जुनी नाणी तिच्या भट्टीत गेली. जास्त वजनाची नफ्यासाठी वितळली, कमी वजनाची अविश्वासामुळे वितळली. वाचली ती कुणाच्या गाठोड्यात राहिलेली, किंवा बोटीबरोबर समुद्राच्या तळाशी गेलेली.

नाणे दुर्मिळ झाले की बनावट नाणे बाजारात येते. बीव्हरच्या नाण्याच्या पितळी प्रतिकृती पर्यटकांसाठी कित्येक वर्षे निघत आल्या आहेत, आणि त्यांवरही तो चुकीचा ‘जी’ नेमका उतरवलेला असतो. त्यामुळे चूक दिसली म्हणजे नाणे अस्सल, असे धरून चालत नाही. जाणकार तड्याची रेघ पाहतो. ती ज्ञात अस्सल नाण्यांवरच्या रेघेच्या जागीच आहे का, अक्षरांच्या कडा ठोकून उमटल्यासारख्या धारदार आहेत की ओतल्यासारख्या गुळगुळीत, काठावर साच्याचा जोड दिसतो का, हे तो तपासतो. आणि मग तो नाणे तराजूत घालतो, ऑरेगन सिटीचे दुकानदार घालत होते तसेच. पाच डॉलरचे असेल तर काटा १३० ग्रेनच्या, म्हणजे सुमारे साडेआठ ग्रॅमच्या आसपास थांबायला हवा. पितळेची प्रतिकृती त्याच मापाची असेल, तर ती तिथवर पोहोचूच शकत नाही.